चिकित्सालयातील कॅमेऱ्याला कान असावेत काय?

वैद्यकी करणाऱ्याच्या आयुष्यात लाज वाटावी असे प्रसंग थोडे नसतात. परंतु ते त्रैमासिकात लिहून काढण्याचा प्रघात नाही. आम्ही तो आज मोडीत आहोत. कारण जे आमच्या चिकित्सालयात घडले, ते जिल्ह्यातील कितीतरी चिकित्सालयांत व औषधी दुकानांत घडत असण्याचा संभव आहे, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसेल.

आमचे चिकित्सालय धाराशिव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेतील दोन गाळ्यांत आहे. पुढच्या गाळ्यात औषधालय, मागच्या गाळ्यात तपासणीची खोली, आणि दोहोंमध्ये प्लायवूडचे पार्टिशन व एक पडदा. बहुतेक सभासदांची मांडणी याहून फार वेगळी नसावी. मध्यंतरी औषधालयाच्या गल्ल्यातून लागोपाठ दोनदा रोकड गेली, आणि त्याच सुमारास एका रात्री मद्यप्राशन करून आलेल्या मंडळींनी काउंटरवर धुडगूस घातला. तेव्हा आम्ही कॅमेरे बसविले. एक दारावर, एक काउंटरवर आणि एक तपासणीच्या खोलीत. खोलीतल्या कॅमेऱ्यात टेबल-खुर्ची यावी, परंतु तपासणीचा पलंग मुळीच येऊ नये, याची आम्ही स्टुलावर चढून स्वतः खात्री करून घेतली आणि त्या दक्षतेचा आम्हाला थोडा अभिमानही वाटला. कॅमेऱ्यांत माइक आहे, हे विक्रेत्याने जादा सोय म्हणून सांगितले होते. आम्ही मान डोलावली.

एका आठवडी बाजाराच्या दिवशी एक तरुण स्त्री सासूसमवेत आली. लग्नाला सहा वर्षे होऊन गेलेली, अपत्य नाही. खेड्यातून येणाऱ्या अशा सुनेशी एकटीने बोलण्याची संधी वैद्याला क्वचितच मिळते. सासू काउंटरवर औषध घ्यायला गेली, तेवढीच काय ती मिनिटे. आमच्या सौ. स्वतः वैद्य आहेत. त्या खोलीत होत्या. त्या मुलीने खाली मान घालून सांगितले की, पुण्यात नवऱ्याची तपासणी झालेली आहे, दोष त्याच्यात निघाला आहे, आणि हे घरी कोणालाही कळता कामा नये असे त्याने बजावले आहे. नेमक्या त्याच वेळी काउंटरवरच्या मुलाने, आत अजून किती वेळ लागेल हे पाहण्यासाठी, भिंतीवरच्या टीव्हीवर त्या खोलीचे चित्र मोठे केले. एका कॅमेऱ्याचे चित्र मोठे केले की त्याचा आवाजही टीव्हीतून येऊ लागतो, हे त्याला ठाऊक नव्हते. आम्हालाही नव्हते. तिचे शेवटचे वाक्य काउंटरवर स्पष्ट ऐकू आले. सासू तेथेच उभी होती.

पुढचे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. ती स्त्री आमच्याकडे पुन्हा आलेली नाही.

या प्रसंगानंतर आम्ही स्वतःला विचारले की, पलंग चौकटीत येऊ नये म्हणून स्टुलावर चढणाऱ्या आम्हाला आवाजाचा विचार कसा सुचला नाही? उत्तर आमच्या शास्त्रातच सापडते. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध परीक्षा आपण शिकलो आणि शिकविली. कॅमेऱ्याविषयी आपण जेव्हा संकोच बाळगतो, तेव्हा तो दर्शनाचा असतो. उघडे शरीर दिसू नये, एवढेच आपल्या मनात असते. प्रश्नपरीक्षेतून जे बाहेर येते, त्याला आपण उघडे शरीर मानीत नाही. वस्तुतः चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात काही गोष्टी केवळ रुग्णाला विचारूनच जाणाव्यात असे सांगितले आहे. ग्रहणीचे मृदुत्व-दारुणत्व त्यांत आहे. त्याचबरोबर रुग्णाची स्वप्ने, त्याची इच्छा, त्याला काय आवडते व कशाचा तिटकारा आहे, त्याचे सुख आणि दुःख, हेही आहे. म्हणजे जे डोळ्याला दिसत नाही आणि हाताला लागत नाही, तेच प्रश्नाच्या वाट्याला येते. माणसाचे सर्वात झाकलेले तेच. शिवाय योगरत्नाकराने अष्टस्थान परीक्षेत शब्दालाही स्थान दिले आहे. रुग्णाचा आवाज हे स्वतःच एक लक्षण आहे. तेव्हा तपासणीच्या खोलीतील आवाज साठविणे म्हणजे परीक्षेचा एक भाग, रुग्णाला न विचारता, भिंतीवर टांगलेल्या पेटीच्या स्वाधीन करणे होय.

आवाजाचा स्वभावच असा की, त्याला चौकट नाही. कॅमेऱ्याच्या डोळ्याला पडदा आडवा येतो. माइकला येत नाही. हे प्रत्यक्ष पडताळून पाहावे म्हणून आम्ही एका रविवारी चिकित्सालय बंद असताना एक प्रयोग केला. सौ. पडद्यामागे पलंगावर बसल्या आणि रुग्णाशी बोलतात त्या नेहमीच्या स्वरात वर्तमानपत्र वाचू लागल्या. आम्ही बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, मोबाइल कानाला लावून उभे राहिलो. खोलीतल्या कॅमेऱ्यातून प्रत्येक शब्द आला, यात नवल नव्हते. नवल याचे की, काउंटरवरच्या कॅमेऱ्यातूनही, प्लायवूडच्या पलीकडून, वाक्यांचा आशय कळण्याइतके ऐकू आले. छताचा पंखा पूर्ण वेगाने सुरू केल्यावर शब्द तुटू लागले. परंतु थंडीच्या दिवसांत पंखा कोण लावतो? आमचा पंचकर्माचा कक्ष त्याहून आत, दाराआड आहे, आणि तेथे अर्थातच कॅमेरा नाही. दार लोटलेले असताना तेथील बोलणे पुसट आले; दार अर्धवट उघडे राहिल्यास ते समजत होते. स्नेहन-स्वेदनाच्या वेळी रुग्ण सैलावतो व मनातले बोलू लागतो, हा अनुभव सर्वांनाच आहे.

त्यानंतर आम्ही हिशेब मांडला की, हे सारे कोणाकोणाला ऐकू येऊ शकत होते. आमचा मोबाइल एक. पुण्यास शिकणाऱ्या मुलाचा दुसरा, कारण ॲप त्यानेच घालून दिले होते. तिसरा, कॅमेरे बसविणाऱ्या कारागिराचा! त्याने जोडणी तपासण्यासाठी स्वतःच्या मोबाइलवर आमचा संच जोडला होता आणि पुढे तो काढायचे राहून गेले. त्याच्या मनात काही वाईट होते असे आम्हाला वाटत नाही. आम्ही विचारताच त्याने तो आमच्यासमोर काढून टाकला. परंतु पासवर्ड तोच होता, जो कारखान्यातून येतो आणि ज्याचा अंदाज कोणीही बांधू शकतो.

येथे वाचकांना फेब्रुवारी २०२५ मधील राजकोटचे प्रकरण आठवेल. तेथील एका प्रसूतिगृहात स्त्रियांच्या तपासणीचे चित्रण बाहेर पडून यूट्यूब व टेलिग्रामवर गेले, आणि ते पैसे घेऊन विकले जात असल्याचे उघडकीस आले. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी ज्यांना अटक केली, त्यांत लातूर व सांगलीचे तरुण होते. लातूर म्हणजे १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्याचा भाग. तेव्हा हे कोठे तरी दूर, मोठ्या शहरात घडते, अशी समजूत करून घेण्यास आता जागा उरलेली नाही. त्या प्रकरणात चर्चा झाली ती चित्रांची. चित्राबरोबर आवाजही साठत असेल, तर चेहरा न दिसताही नाव, गाव, नवऱ्याचे नाव, किती दिवस चढले, हे सारे त्यात असते. केसपेपर भरताना आपण हेच तर मोठ्याने विचारतो.

कायद्याची बाजू थोडक्यात पाहू. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ७७, ही दोन्ही कलमे चोरून घेतलेल्या चित्रांविषयी आहेत. आवाजाचा उल्लेख त्यांत नाही. यावरून आवाज मुक्त आहे, असा निष्कर्ष काही विक्रेते काढतात व ग्राहकाला सांगतात. तो बरोबर नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २०११ मध्ये झालेल्या नियमांनी शारीरिक व मानसिक आरोग्याची माहिती आणि वैद्यकीय इतिहास यांना संवेदनशील माहितीत घातले. आणि त्यामागील कलम ४३-अ हे एकट्या मालकाच्या व्यवसायालाही लागू होईल अशा व्याख्येचे आहे. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. ओळख पटू शकेल अशा माणसाचा साठविलेला आवाज हीदेखील वैयक्तिक माहितीच आहे. ज्या कामासाठी ती घेतली ते संपल्यावर ती पुसणे, ती सांभाळणे, आणि ती फुटल्यास संबंधित व्यक्तीला कळविणे, या गोष्टी या कायद्यात आहेत. संमतीपूर्वीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, अर्थात मराठीतही, वाचता आली पाहिजे, असेही त्यात आहे.

परंतु कायदा नसता तरी आपल्याला पळवाट नव्हती. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्याला जो उपदेश आहे, त्यात रुग्णाच्या घरी परवानगीने, परिचित माणसासह जावे आणि त्या घरातील गोष्टी बाहेर नेऊ नयेत, असे स्पष्ट सांगितले आहे. त्या काळी वैद्य रुग्णाच्या घरी जात असे. आता रुग्ण आपल्या गाळ्यात येतो आणि घर सोबत घेऊन येतो. भारतीय चिकित्सा पद्धतीच्या व्यावसायिकांसाठी १९८२ मध्ये आचारसंहितेचे विनियम झाले, तेव्हा गुप्ततेचे हेच बंधन त्यांत शब्दबद्ध झाले.

आता दुसरी बाजू. आमचे एक स्नेही, ज्यांचे मत आम्ही नेहमी आदराने ऐकतो, या बाबतीत आमच्याशी मुळीच सहमत नाहीत. त्यांचे म्हणणे असे: रुग्णाचे नातेवाईक दोन दिवसांनी येऊन म्हणतात, तुम्ही हमखास गुण येईल असे सांगितले होते. धमक्या देतात, पैसे मागतात. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसाचार रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला खरा. परंतु तक्रार करताना पुरावा लागतो, आणि मुक्या चित्रात धमकी दिसत नाही, फक्त हातवारे दिसतात. हा आक्षेप हलका नाही. ज्याच्यावर असा प्रसंग आला आहे, त्याला तत्त्वज्ञान ऐकवून उपयोग नाही.

न्यायालयांनीही ध्वनिमुद्रण सरसकट त्याज्य मानलेले नाही. या विषयातील एक जुना व प्रसिद्ध खटला वैद्यकीय व्यवसायातलाच, आणि मुंबईचा आहे. १९६४ साली एका शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूच्या चौकशीत मुंबईच्या कॉरोनरने डॉक्टरांकडे लाच मागितली. लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने मध्यस्थ डॉक्टरांच्या दूरध्वनीवर, त्यांच्या संमतीने, यंत्र लावून ते संभाषण टिपले. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७२ मध्ये न्यायालयाने ती ध्वनिफीत पुराव्यात ग्राह्य धरली. डिसेंबर २०२० मध्ये तर परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात चित्राबरोबर आवाजही टिपणारे कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला.

आमचे स्नेही या दोन निकालांवर बोट ठेवतात. आम्ही त्यांना सांगतो, ते निकाल नीट वाचा. मुंबईच्या खटल्यात बोलणाऱ्या दोघांपैकी एकाला मुद्रण ठाऊक होते, आणि एका ठरावीक गुन्ह्यासाठी, ठरावीक वेळी ते केले गेले. पोलीस ठाण्यात आवाज टिपायचा तो कोठडीतल्या माणसाच्या रक्षणासाठी. चिकित्सालयात खुर्चीवर बसलेला रुग्ण दुबळा असतो आणि यंत्राची किल्ली आपल्या खिशात असते. धमकीची भीती असेल तर ती धमकी काउंटरवर येते, तपासणीच्या टेबलावर फार क्वचित. आणि आली तरी त्या वेळी मोबाइल काढून, मी हे टिपीत आहे असे सांगून टिपण्यास कोणी अडविलेले नाही. गुण येईल असे सांगितले होते की नव्हते, या वादाला उत्तर आहे ते केसपेपरवरील नोंद व रुग्णाची सही. ती लिहिण्याचा आपल्याला कंटाळा आहे, हे मात्र कबूल केले पाहिजे. वर्षभर शेकडो रुग्णांचे बोलणे साठवायचे, कारण त्यांतला एखादा कधी तरी भांडेल, हे आम्हाला पटत नाही. स्नेही अजूनही सहमत नाहीत. परंतु त्यांनी तपासणीच्या खोलीतला माइक बंद केला आहे, काउंटरवरचा ठेवला आहे.

साठविलेली नोंद कोठे राहते, यालाही महत्त्व आहे. कोल्हापूर जिल्ह्यात सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसविण्याची सक्ती झाली, तेव्हा रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा घेऊन मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती. ऑगस्ट २०११ मध्ये याचिका फेटाळताना न्यायालयाने, चित्रे त्या यंत्रातच राहतात, बाहेर कोठे पाठविली जात नाहीत, ही बाब विचारात घेतली. गर्भलिंगनिदानाला आळा घालण्याचा तेथील हेतूही मोठा होता. आपल्या गाळ्यातला कॅमेरा मात्र आवाज इंटरनेटवरून मुलाच्या, मेव्हण्याच्या आणि कारागिराच्या मोबाइलवर पोहोचवितो.

परदेशातही चित्र आणि आवाज यांत भेद केला जातो. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या मार्गदर्शनाचा रोख असा की, देखरेखीच्या कॅमेऱ्याने लोकांची संभाषणे टिपणे हे अतिक्रमण असून त्याचे समर्थन क्वचितच होऊ शकते. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या न्यायालयात दाराच्या घंटीतील कॅमेऱ्यावरून दोन शेजाऱ्यांचा खटला चालला. तेथे न्यायाधीशांना चित्रापेक्षा दूरवरचा आवाज टिपला जाणे अधिक गंभीर वाटले.

औषध विक्रेत्या सभासदांना वाटेल की, हा प्रश्न वैद्यांचा आहे. तसे नाही. काउंटरवर माणूस पुढे वाकून, आवाज खाली करून काय मागतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? मूळव्याधीचे मलम, वाजीकरणाची औषधे, गर्भ तपासण्याची पट्टी, मुलाच्या फिटसाठी काही आहे का अशी विचारणा. काउंटरचा कॅमेरा नेमका त्या वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर असतो. शिवाय नोकरांचा प्रश्न आहे. एका दुकानदाराने दुपारी घरी पडल्या पडल्या मोबाइलवर दुकानातल्या मुलांचे बोलणे ऐकण्याची सवय लावून घेतली. मुले मालकाविषयी जे बोलतात ते मालकाने ऐकू नये, हे शहाणपण त्याला उरले नाही. दोन चांगली मुले गेली आणि आता काउंटरवर तो स्वतःच उभा असतो.

आम्ही काय केले ते सांगतो. सभासदांनी आपल्या सोयीने त्यात फेरफार करावा. तपासणीच्या खोलीतील कॅमेरा काढून टाकला. उरलेल्या दोहोंचा आवाज बंद केला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी की, मोबाइलवर आवाजाचे चिन्ह बंद केल्याने फक्त आपल्याला ऐकू येणे थांबते. साठविणे चालूच राहते. आवाज कॅमेऱ्याच्या मांडणीत आणि डीव्हीआरच्या नोंदीच्या मांडणीत, अशा दोन्ही ठिकाणी बंद करावा लागतो. जुन्या पद्धतीच्या संचात माइकची वायर वेगळी असते, ती उपटून टाकली की काम झाले. तारेविना चालणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांत माइक आतच असतो आणि बहुधा तो चालू स्थितीतच येतो. त्यात आवाजाशिवाय टिपलेला तुकडा मागे नेऊन, ऐकून पाहिल्याखेरीज विश्वास ठेवू नये. कॅमेऱ्यांसाठी केंद्र सरकारने सुरक्षाविषयक चाचणी सक्तीची केली असून ती ९ एप्रिल २०२५ पासून अमलात आली. नवा कॅमेरा घेताना ती झाल्याची खात्री जरूर करावी. परंतु माइक चालू की बंद, हे त्यानंतरही मालकानेच ठरवायचे असते. पासवर्ड बदलला. मोबाइल आता एकच जोडलेला आहे. टीव्ही काउंटरवरून काढून आतल्या बाजूस नेला.

काउंटरच्या वर एक पाटी लावली आहे: 'येथे सुरक्षेसाठी कॅमेरे आहेत. फक्त चित्र टिपले जाते, आवाज नाही. तपासणीच्या खोलीत कॅमेरा नाही. पंधरा दिवसांनी चित्रण पुसले जाते.' पाटी लावल्यानंतरच्या आठवड्यात एका वृद्ध शेतकऱ्याने ती बाकावर बसल्या बसल्या सर्वांना मोठ्याने वाचून दाखविली आणि आम्हाला विचारले, "म्हंजी आधी आवाज भरत हुता का?" आम्ही हो म्हणालो. त्याने थोडा वेळ मान हलविली आणि आपल्या गुडघ्याविषयी बोलू लागला.

एक राहिले. जुना डीव्हीआर बिघडला की तो आपण दुरुस्तीला किंवा बदलीत देऊन टाकतो, आणि त्यातल्या हार्ड डिस्कचा विचार करीत नाही. ती आधी काढून घ्यावी. आमची काढलेली डिस्क आम्ही जाणकाराकडून समोर बसून पुसून घेतली, आणि मग ती खलाच्या बत्त्याने फोडली.